तुफानदादाला ऐकू येत नाही

दर रविवारी सकाळी दहा वाजता अंजूर गावच्या केसरीनाथच्या घरी टीव्हीसमोर पाच माणसे बसत. त्यांतली चार हसत. पाचवा केसरीनाथ. हसायचा तोही, पण क्षणभर उशिरा, आणि आपण कशाला हसतो आहोत हे त्याला ठाऊक नसायचे.

मालिका लहान मुलांसाठी होती, चित्रांची. नायकाचे नाव तुफानदादा. पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, पाठीवर गाठ मारून बांधलेला टॉवेल आणि डोक्यावर पालथा घातलेला पितळी टोप. त्याला उडता येई, भिंती फोडता येत. पण टोप कानांवरून खाली घसरलेला असल्यामुळे त्याला धड ऐकू येत नसे. बुडणारी माणसे ओरडायची, “वाचवा, वाचवा!” तुफानदादाला ऐकू यायचे, “नाचवा, नाचवा!” मग तो बँडवाल्यांना घेऊन हजर. कोणी म्हणाले, “आग लागली!” तर तो “बाग लागली” असे ऐकून झारी घेऊन धावायचा, आणि त्या झारीनेच कशीबशी आग विझायची. शेवटी सगळे सुखरूप, आणि दादाला आपण काय केले याचा पत्ता नाही.

ही सगळी माहिती केसरीनाथला नात सांगायची. ऋतिका सात वर्षांची, दुसरीत. दुपारच्या जेवणानंतर तो तिला समोर बसवायचा आणि म्हणायचा, “सांग बघू, सकाळचं किती ध्यानात हाय तुझ्या.” घरच्यांना वाटायचे, आजोबा पोरीची स्मरणशक्ती वाढवतात.

माणसांचे ओठ त्याला वाचता येत. चित्रांचे येत नसत. चित्रातले तोंड नुसते उघडते आणि मिटते. म्हणून मालिका चालू असताना तो पडद्याकडे पाहतच नसे. ऋतिका पुढे जमिनीवर बसायची. तिचे खांदे हलले की तो हसायचा.

१७ सप्टेंबर २००६च्या रविवारी तिचे खांदे जोरात हलले आणि केसरीनाथ मोठ्याने हसला. सुनेने चमकून मागे पाहिले. “बाबा, तिला ठसका लागलाय!”

“तेच तं. पानी आनतो,” म्हणून तो उठला. त्या दिवशी निभावले.

केसरीनाथ एकोणिसाव्या वर्षी भिवंडीच्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात लागला, तो तीस वर्षे तिथेच राहिला. एका शेडमध्ये चोवीस लूम. आडवे सूत नेणारा धोटा इकडून तिकडे आपटायचा तो आवाज छातीत ऐकू यायचा, कानात नव्हे. तिथे आवाजाने कोणी बोलत नसे. ओठ हलवायचे, समोरच्याने वाचायचे. तार तुटली, ताण्याचा बीम संपला, शेठ आला, चहा आला. कामापुरते शंभरएक शब्द, ते मराठीत असोत की हिंदीत. केसरीनाथ त्यात इतका तरबेज झाला की लग्नात मांडवाच्या या टोकाला बसून त्या टोकाचे वरपक्षाचे बोलणे बायकोला सांगायचा. एकदा म्हणाला, “हौसा, ते बोलतात का जेवन बरं हाय, पन पोरीची मावशी लय बोलते.” मावशी म्हणजे हौसाच. तो सबंध दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती.

२००४ साली कारखाना बंद पडला. मालकाने लूम भंगारात काढले. दुसऱ्या दिवशी केसरीनाथ ओटीवर बसला आणि वाट पाहू लागला. त्याला वाटत होते, आता कावळे ऐकू येतील, रिक्षा ऐकू येतील. काहीच आले नाही. लांब कुठे तरी कुकरची वाफ सुटत राहावी तसा एक बारीक सूं आवाज, तेवढाच. त्याने कानांत कोमट तेल घातले, आठवडाभर कापसाचे बोळे ठेवले. वाफ सुटतच राहिली.

त्याने हौसालाही सांगितले नाही. कारण त्याला तुळशीरामकाका आठवत होता. तुळशीराम त्याचा चुलता, ठार बहिरा. गावची पोरे त्याच्यासमोर उभी राहायची, आवाज न काढता नुसते ओठ हलवायची, आणि तो “काय? काय रं?” म्हणत पुढे झुकला की खिदळत पळायची. म्हातारा शेवटी शेवटी कोणी तोंड उघडले तरी घाबरून घरात जायचा. त्या पोरांत केसरीनाथ होता. सगळ्यांच्या पुढे असायचा.

ओठांवर विसंबून दिवस निघत होते. पण ओठांत एक खोट आहे. प, ब आणि म, तिन्ही अक्षरांना ओठ मिटतात आणि सारखेच उघडतात. एका सकाळी हौसा दारातून म्हणाली, “मामा आल्यान.” केसरीनाथने वाचले, “बाबा आल्यान.” त्याच्या वडिलांना जाऊन चार वर्षे झाली होती. तो जागच्या जागी पांढरा पडला. हौसाचे मामा आत येऊन पायपुसण्यावर पाय पुसू लागले तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

मे २००६मध्ये त्याला काल्हेरला एका गोदामात काम मिळाले. ट्रेलर मागे घेताना पाठीमागे उभे राहायचे आणि शिट्टी वाजवायची. लांब शिट्टी म्हणजे ये, शिट्टी थांबली आणि पत्र्यावर दोन थापा पडल्या म्हणजे थांब. शिट्टी वाजवायला कान लागत नाहीत. ती दातांत झिणझिणते, तेवढ्यावर कळते की वाजते आहे. गोदामाचा सुपरवायझर भाविक गावातलाच, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, त्याला काका म्हणायचा. “काका, तुमची शिट्टी अख्ख्या काल्हेरला ऐकू येते,” असे तो एकदा म्हणाला, आणि केसरीनाथला बरे वाटले. आपल्याला ऐकू न येता आपले सगळ्यांना ऐकू येते, यात काही वावगे आहे हे त्याच्या मनात आले नव्हते.

मंगळवार, ९ जानेवारी २००७. सकाळचे अकरा वाजून गेले होते. चाळीस फुटी ट्रेलर फलाटाकडे मागे येत होता. केसरीनाथ डाव्या बाजूला, तोंडात शिट्टी, नजर चाकावर. फलाटावर दौलत नावाचा हमाल बिस्किटांचे खोके दोन्ही हातांत धरून उभा होता. केसरीनाथने सहज वर पाहिले तर दौलतचे तोंड मोठे उघडले होते. तो ओरडत होता. केसरीनाथने ओठ वाचले.

“पाय हाय! पाय हाय!”

आपला पाय चाकाखाली जातो आहे! केसरीनाथने उडी मारली, खाली पाहिले, एक पाय उचलला, मग दुसरा. पाय मोकळे होते. तो पुन्हा उडाला. घाबरून त्याने दात घट्ट आवळले होते. शिट्टी दातांतच होती आणि तो धापा टाकत होता, म्हणजे शिट्टी वाजत होती. ट्रेलर येत होता.

दौलतने हातातले खोके ट्रेलर आणि फलाट यांच्या मधल्या फटीत फेकले. ते फुटल्याचा दणका ऐकून ड्रायव्हरने ब्रेक मारला. फटीतून, उजव्या बाजूने, पुठ्ठे गोळा करणारी चंद्रा सरपटत बाहेर आली. कपाळ ट्रेलरच्या पत्र्याला घासले होते, साडीवर बिस्किटांचा चुरा. तिच्यात आणि फलाटात एक वीत उरली होती.

मग चंद्रा रडायच्या ऐवजी हसायला लागली, आणि सगळे सुटले. हमाल पोट धरून हसत होते. एकाने केसरीनाथची नक्कल केली, एक पाय वर, मग दुसरा. “बाई मरायला टेकली नि काका नाचतोय!”

“वाचवा म्हटलं की नाचवा!” दुसरा म्हणाला. त्याची पोरेही रविवारी तीच मालिका पाहत असावीत. “अरे, हे तर आपले तुफानदादा!”

केसरीनाथने हे सगळे एकेका तोंडावरून वाचले, आणि उशिरा का होईना, हसला.

चहाच्या वेळी तो दौलतजवळ बसला. “तवा तू काय बोललास रं?”

“बाय हाय, बोललो. बाय हाय फटीत. तू पायाकडं काय बघत होतास?”

बाय. केसरीनाथने चहाचा ग्लास खाली ठेवला. चहावर साय धरली तरी तो ग्लासाकडेच पाहत होता.

बुधवारी दर दोन हातांवर तो ट्रेलर थांबवायचा, पळत पलीकडे जाऊन पाहायचा, परत यायचा. ड्रायव्हर शिव्या देत होते, त्या मात्र स्पष्ट वाचता येत होत्या. गोदामातल्या लोकांनी थट्टेत नवे नाव पक्के केले होते. भाविकनेही जाता जाता विचारले, “काय तुफानदादा, आज कोनाला नाचवताव?” केसरीनाथच्या लक्षात आले की आता तो कितीही चुकला तरी कोणाला शंका येणार नाही. वेंधळा म्हणून सोडून देतील. हसतील. या हसण्याच्या आडोशाला तो वर्षानुवर्षे लपून राहू शकतो, चाकाखाली कोणी सापडेपर्यंत.

दुपारी चंद्रा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. झाडताना धूळ जाऊ नये म्हणून तिने नाकातोंडावर फडके बांधले होते. ती काही तरी बोलत होती. फडके आतबाहेर होत होते, वर डोळे हसत होते. केसरीनाथने मान डोलावली. ती आणखी काही बोलली. त्याने पुन्हा मान डोलावली. ती गेल्यावर त्याने सबंध गोदामावरून नजर फिरवली. रुमाल, फडके, गमछा, पदर. अर्ध्याहून अधिक तोंडे बांधलेली. आठ महिने ही माणसे त्याला काय काय ओरडून सांगत आली असतील, आणि तो शिट्टी वाजवत राहिला असेल!

गुरुवारी सकाळी कोणी यायच्या आत तो भाविकच्या केबिनमध्ये गेला. शिट्टी टेबलावर ठेवली.

“मना ऐकू येत न्हाय.”

भाविक हसला. “काका, बायको बोलते ते मनापन येत न्हाय.”

“थट्टा न्हाय. तो कागद तोंडापुढं धर आनि बोल.”

भाविकने समोरचा मालाच्या चलनाचा कागद उचलून तोंडापुढे धरला. केसरीनाथ पाहत राहिला. मग भाविकने कागद खाली घेतला. “काय बोललो?”

“कागद हालला. येवढाच दिसला.”

भाविकचे हसू गेले. “काका, मी बोंब मारली. तो बघा, दौलत वळून बघतोय.” काचेपलीकडे, आताच आलेला दौलत खरोखरच केबिनकडे पाहत होता.

“कवापासून?”

“इथं यायच्या आधीपासून.”

भाविक खुर्चीत मागे सरकला. मनात कसला तरी हिशेब चालला होता. दिवसाला सात-आठ ट्रेलर, आठ महिने. “कोनाला बोललाव?”

“न्हाय.”

“मग बोलू नका. शेठला कललं तं पयला मी जाईन. शिट्टी आजपासून दौलतकडं. तुमच्या कामाचं मी बघतो. पन तोंड बंद, काय?”

केसरीनाथ बाहेर पडला. दौलतला आत बोलावलेले त्याने पाहिले, शिट्टी घेऊन बाहेर आलेलेही पाहिले. मग, आवार माणसांनी भरत असताना, तो मान खाली घालून फाटकाकडे चालू लागला. कारखाना बंद पडला तेव्हासारखे पुन्हा हातात काम नव्हते. दातांत झिणझिण नव्हती, छातीत दणका नव्हता. सगळे कसे रिकामे. हौसाला काय सांगावे याचा तो विचार करत होता.

त्याने वर पाहिले ते चंद्रा पळत येत होती म्हणून. फडके तोंडावर तसेच, हातातला झाडू टाकलेला. फडके भरभर आतबाहेर होत होते. केसरीनाथ वाचायला थांबला नाही. ती दोन्ही हातांनी बकरी हाकलावी तशी त्याला बाजूला ढकलत होती, आणि तो गेला, धडपडत, भिंतीवर आपटेपर्यंत गेला. पाठीला वारा लागला. तो उभा होता त्या जागेवरून ट्रेलरची मागची चाके निघून गेली. ट्रेलर थांबला. पलीकडे, पत्र्यावर थापा मारायचे विसरून, दौलत उभा होता, गाल फुगवून, त्याला हटवायला लालभडक होईतो शिट्टी फुंकत.

चंद्राने फडके हनुवटीखाली ओढले. तिचा चेहरा पांढराफटक होता.

“काका, कवाचे ओरडतो आम्ही! ऐकू न्हाय येत का?”

हा प्रश्न त्याला आजवर शंभरदा विचारला गेला होता. प्रत्येक वेळी त्याने “येतं ना” म्हटले होते. हमाल जमले होते, आणि केबिनच्या दारात भाविक येऊन उभा राहिला होता, ओठ गच्च मिटून.

“न्हाय,” केसरीनाथ म्हणाला. “न्हाय येत.”

तो किती मोठ्याने बोलला ते त्याला कळले नाही. ट्रेलरच्या पार पुढच्या टोकाला, खिडकीतून ड्रायव्हरने डोके बाहेर काढून त्याच्याकडे पाहिले.