जावयांची बटणं

अख्ख्या जामसंड्यात आमच्या जावयांइतका हुशार माणूस नाही, आणि त्यांच्याइतका वेळ फुकट घालवणाराही नाही. त्यांना घरजावई म्हणू नका. नेट माझ्या पडवीतच नीट येतं म्हणून चार वर्षं तिथे टेबल मांडून बसले होते. एका कंपनीची कामं कॉम्प्युटरवर लिहीत. लिहायच्या त्या प्रोग्राममध्ये कुठल्या बटणाने काय व्हायचं ते म्हणे आपणच ठरवता येतं. या माणसाला एवढी मोकळीक द्यायला नको होती. एका बटणाने ओळ पुसायची, दोन मिळून दाबली की शब्द मागे सरकवायचा, असं रोज नवं. अर्धं मिनिट वाचावं म्हणून सबंध सकाळ घालवत. वाचलेल्या वेळाचं काय करता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आणखी एक बटण बसवतंय, आई." मी समोर बसून रातांबे फोडायची, कुळीथ निवडायची, आणि करमणूक म्हणून त्यांची बोटं बघायची.

गेल्या मे महिन्यात विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. नेमकं त्याच संध्याकाळपर्यंत काम पाठवायचं होतं, नाहीतर कंपनी दुसरा माणूस बघणार होती. माझी मुलगी टेबलाशी बसली. तिने एक बटण दाबलं, अख्खं लिखाण गायब. कुठलं दाबू, असं तिने विचारलं, तर जावई डोळे मिटून हवेत डावा हात हलवत बसले.

"बोटांका म्हायत आसा, माका नाय," म्हणाले.

बटणांची यादी करून ठेवली होती, पण ती उघडायलाही बटणच होतं. मुलगी रडकुंडीला आली.

"सरक गो," मी म्हटलं. मी चौथी शिकलेली. पण चूक झाली की जावई मान हलवून डाव्या करंगळीने कडेचं बटण दाबून धरत आणि दुसऱ्या हाताने वरचं टोकाचं टिचकावत, हे मी हजारदा पाहिलं होतं. तसं केलं, लिखाण परत आलं. काम संपलं की तीच करंगळी, मग मधलं बोट दोनदा, मग अंगठा, मग चहा मागत. चहा तेवढा मी मागितला नाही. काम वेळेत कंपनीला गेलं.

यंदा कंपनीने त्यांना बंगळूरला बोलावलं. दोघं गेली. जुना कॉम्प्युटर अक्षरं मोठी करून माझ्यासाठी ठेवलाय, त्यावरच हे लिहिलं. त्यातलं एक बटण काहीच करत नाही. फोनवर विचारलं तर म्हणाले, "ता तुमच्यासाठी मोकळा ठेवलंय. काय होया ता सांगा."

अजून सांगितलेलं नाही. मला हवंय ते बटणाने होत नाही, त्याला तिकीट काढावं लागतं.