वणव्याचे बूट

कोऱ्या चामड्याचा वास आला की मला मुरबाडचं जळकं रान आठवतं. महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्यात वणवा विझवणाऱ्या आम्हा मजुरांसाठी सरकारी अनुदानातून जाड बूट आले. वाटताना जंगल खात्याच्या साहेबांनी दम भरला, “ओरखडा दिसला तर कामावरून काढीन.” लगेच वणवा लागला. माझ्या जोडीदाराने बूट काढून दगडावर नीट ठेवले आणि हिरवा टहाळा घेऊन तो अनवाणीच आग झोडपायला धावला. मी ओरडलो, “बूट घाल रे!” “नाय रे, खराब होतील.” संध्याकाळी त्याला झोळीतून डोंगराखाली आणला, तेव्हा तळव्यांची सालं लोंबत होती. साहेबांनी आधी बूट उलटेपालटे करून पाहिले. म्हणाले, “शाबास, असे जपावेत!” त्यानंतर मी एकही जोड जपून वापरलेला नाही.