काकांचा उजवा पाय

माझे काका शिंपी आहेत. पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन, मागं स्वयंपाकघर आणि बाजूच्या शेडमध्ये त्यांची जुनी गाडी. गाडी माझ्यापेक्षा वयानं मोठी. काकू तिला सवत म्हणते आणि फिरायला जायचं म्हटलं की सगळ्यात आधी तीच जाऊन बसते.

मी शाळा सोडून गॅरेजात कामाला लागले तेव्हा नातेवाइकांची तोंडं वाकडी झाली. काकांनी एवढंच विचारलं, "तिथं तुझ्या मापाचा डगला आहे का?" नव्हता. त्यांनी शिवून दिला, खिशात पाना उभा राहील असा. त्यामुळं काकांबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं की माझं डोकं फिरतं.

माणूस इतका मऊ की नाही म्हणताच येत नाही. एखाद्याचं काम नकोच असेल, तर टेप गळ्यात टाकून शांतपणे म्हणतात, "अजून झालं नाही. पुढच्या आठवड्यात या." शहाणी गिऱ्हाइकं समजून जातात. बाकीची चपला झिजवतात.

तर मध्यंतरी काका-काकू फिरून परत येत होते. गेटात वळताना काकांनी ब्रेक दाबला. गाडी नीट थांबलीच नाही, डावीकडं गेली आणि खांबावर आदळली. काकूच्या कपाळाला टेंगूळ आलं, बाकी कुणाला खरचटलंही नाही. पण काका खचले.

"पाय वेळेवर पडला नाही माझा," एवढंच म्हणाले. गाडीवर कापड टाकलं आणि कुणाला हात लावू देईनात. मग दिवसभर मशीनवर बसून पाय बघायचे. पायडल मारायचे, थांबवायचे, परत मारायचे. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, "म्हाताऱ्याचा पाय गेला." त्याच्याशी मी बोलणं टाकलंय.

शेवटी काकांनी गाडीला गिऱ्हाईक बघितलं. रविवारी तो बघायला येणार होता. आदल्या दिवशी मला बोलावून घेतलं.

"भिंगरी, ब्रेकचं सामान बदलून दे. दुसऱ्याच्या हातात द्यायची गाडी. त्याचं तरी माझ्यासारखं होऊ नये."

"विकताय कशाला पण?"

"तुझी काकू बसते शेजारी. पायाचा भरवसा नाही म्हटल्यावर काय करू?"

काकू दारात काजं करत बसली होती. ती म्हणाली, "मी कधी म्हणाले, बसणार नाही?"

"तू म्हणणार नाहीस, माहितीये मला."

मी पुढचं डावं चाक काढलं. ब्रेकचा ड्रम ठोकून ठोकून सैल केला. आत कोरडी धूळ, ब्रेकचे शू घासलेले, पण ठीक. मग उजवं काढलं. ड्रम बाहेर आला आणि मी बघतच राहिले. शूवरचे घासायचे लायनर काळेकुट्ट, तेलानं चिंब. ब्रेकच्या तेलाचा सिलेंडर गळला असेल म्हणून बघितलं, तर तो कोरडा. बोटाला तेल लावून वास घेतला. हा वास मी लहानपणापासून ओळखते. शिलाई मशीनचं तेल.

"काका, इथं तेल कुणी घातलं?"

"मी," काका म्हणाले. "कुईकुई करत होतं ते चाक. लांब नळीची कुपी आहे ना, तिनं ड्रमच्या भोकातून सोडलं. आवाज बंद झाला एकदम."

"आवाज बंद होणारच. ब्रेकच बंद झाला."

काका वाकून ड्रममध्ये डोकावले.

"काका, घासून थांबते गाडी. तुम्ही घासायच्या जागी तेल ओतलंत. उजवं चाक धरेना, डावं एकटं धरायला लागलं, म्हणून गाडी डावीकडं ओढली. असला येडेपणा आख्ख्या गॅरेजात कुणी केला नसेल."

काकू हातातलं काम ठेवून उठली. मला वाटलं, जास्तच बोलले मी. पण काका हळूच स्टुलावर बसले आणि गुडघ्यावरून हात फिरवायला लागले.

"म्हणजे पाय..."

"पायाला काय धाड भरलीये?"

"पाय चुकला नव्हता," ते काकूला म्हणाले. जसं काही तिनंच आळ घेतला होता.

"नव्हताच," काकू म्हणाली. "अक्कल चुकली होती. ती काय, आधीपासूनच."

तेव्हा काका हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मी दोन्ही चाकांचे चारही शू घेऊन बाजारात पळाले, त्यांच्यावर नवे लायनर ठोकून आणले, सिलेंडरची रबरंही आणली. डावे कशाला बदलायचे, असं काका विचारणार नाहीत हे मला माहीत होतं. एक बाही बदलली की दुसरीही बदलावी लागते, हे त्यांना कुणी शिकवायला नको. ड्रम पेट्रोलनं पुसून काढले. स्प्रिंग मात्र हुकात जाईना. माझा हात दोनदा सोलला. काकांनी जाड कापडी पट्टीचा तुकडा आणला, स्प्रिंगला फास टाकला आणि शिवण ओढावी तशी ओढून अलगद अडकवली.

राहिली ब्रेकच्या तेलाच्या नळीतली हवा काढायची. त्याला पेडलवर एक माणूस लागतो.

"तू बस," काका काकूला म्हणाले.

"माझा पाय पोचत नाही," काकू म्हणाली. चांगला पोचतो तिचा.

मग काका बसले. मी खाली आडवी झाले. "दाबा. धरा. सोडा. परत दाबा." मी हवा सोडायचं निपल सैल करायची, नळीतून बुडबुडे यायचे, मग नुसतं तेल. गॅरेजात पोरं पेडलवर नाचतात, कधी लवकर सोडतात आणि हवा परत आत. काकांचं तसं झालंच नाही. सारखा दाब, धरा म्हटलं की धरलेलं, सोडा म्हटलं की सोडलेलं.

मी खालूनच ओरडले, "काका, एवढा सरळ पाय आमच्या उस्तादाचाही नाही."

वरून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

चाकं चढवली. काकांनी गाडी शेडमधून काढली आणि काकू पदर खोचून शेजारी जाऊन बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. काका गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळून आले आणि गेटात ब्रेक दाबला. गाडी खांबाच्या हातभर अलीकडं सरळ उभी राहिली.

"जरा पुढं घ्या की," काकू म्हणाली. "दार उघडून मी चिखलात उतरू?"

रविवारी गाडी घेणारा तो माणूस आला. गाडी शेडमध्ये पुसून चकचकीत उभी. त्यानं भोवती फेरी मारली, खूष झाला, चावी मागितली.

काकांनी मशीनवरून मान वर केली. टेप गळ्यात टाकला.

"अजून झाली नाही," म्हणाले. "पुढच्या आठवड्यात या."

काकू आत वळली, हसू दाबत. तेलाची कुपी तिनं कुठं दडवलीये ते मलाच माहितीये.