संयोगिताचा घोट

आमच्या खालच्या मजल्यावरची संयोगिता शिर्के मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, चेहरा कोणी पाहिलेला नाही. निवृत्त झाल्यावर नेमकं उलटं झालं. बडोद्याच्या आसपास शूटिंग असलं की तिला गर्दीत उभं राहायला बोलावतात. उंच बांधा, पांढरे केस; त्यामुळे श्रीमंतांच्या पार्टीत ती हमखास असते, हातात वाइनचा ग्लास घेऊन. माझ्या डायरीप्रमाणे अशा एकवीस पार्ट्या झाल्या. एकीतही तिला बोलू दिलेलं नाही.

"ताई, एकदा तरी माझा चेहरा आणि आवाज एकत्र येऊ दे," ती म्हणायची. "मग मी सुटले."

डिसेंबरात ती संधी आली. मराठी सिनेमा, नाशिकच्या द्राक्षबागायतदाराच्या घरची मेजवानी, आणि चित्रीकरण मात्र दारूबंदीच्या गुजरातेत, पादरा गावाजवळच्या फार्महाऊसवर! संयोगिताने वाइनचा एक घोट घ्यायचा आणि म्हणायचं, "या वर्षीची जरा आंबटच झालीय."

एवढंच. पण ही बाई भांड्याला ओठ लावून पीत नाही. पाणी, ताक, खोकल्याचं औषधसुद्धा वरून. फक्त चहाला सूट, तीही स्वतःच्या कपातून.

कप कसा धरावा हे शिकवताना कॉन्व्हेंटच्या नन्सनी माझ्या बोटांवर पट्ट्या मारल्या होत्या. ते शिक्षण आता कामी आलं. लग्नातल्या आहेराचे उंच ग्लास मी कपाटातून काढले आणि अकरा दिवस, दुपारी चार वाजता, तिला कोकम सरबत पाजलं.

"दांडी धर, दांडी! ती लोटी नाहीये."

"तुमच्या नन्स प्यायच्या का हो वाइन?"

"चर्चमध्ये. तू घोट घे."

अकराव्या दिवशी जमलं. १२ जानेवारी, रविवार, मी स्वतः तिच्याबरोबर गेले. जाऊन बघते तो सामान सांभाळणारा माणूस सगळे ग्लास एकाच बादलीत बुचकळून काढत होता. संयोगितानेही ते पाहिलं, आणि माझे अकरा दिवस त्या बादलीत गेले.

कॅमेरा सुरू झाला. तिने मान मागे टाकली, हात वर नेला आणि ती खोटी वाइन धार धरून थेट घशात सोडली. थेंब सांडला नाही.

"आजी!" साहाय्यक दिग्दर्शिका आकांक्षा ओरडली. "ही पार्टी आहे, पाणपोई नाही!"

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

"बेन, आ तो कोकम छे, पी जाओ ने," बादलीवाला विनवू लागला.

"कोकम आहे ते कळतंय रे भाई. उष्टं कोणाकोणाचं आहे ते सांग!"

चौथ्यांदाही तिने धारच लावली. आकांक्षाने संवादाचा कागद मिटला आणि वाक्य शेजारच्या बाईला द्यायला सांगितलं.  संयोगिता पदराचं टोक बोटाला गुंडाळत बाजूला झाली. माझं डोकं फिरलं होतं, तिच्यावर जास्त, पण आकांक्षावरही.

"अगं मुली," मी म्हटलं, "बोलणं हिला ठेव. घोट दुसऱ्या कोणाला घ्यायला लाव आणि नुसते ओठ दाखव जवळून. ओठांवर नाव थोडंच लिहिलेलं असतं?"

 आकांक्षाने मेकअप करणाऱ्या प्राचीला बोलावलं, तिचे ओठ रंगवले आणि तिला घोट घ्यायला लावला. त्यानंतर संयोगिताने आपलं वाक्य म्हटलं. स्वच्छ, एका दमात.

११ ऑक्टोबरला, शनिवारी, आम्ही सिनेमा बघायला गेलो. ती, मी, आणि तिचे चौदा नातेवाईक. मेजवानी आली. लालभडक ओठ ग्लासाला लागले, आणि त्याच क्षणी ही बया खुर्चीतून उठली, मागे वळली आणि कारखानाभर ऐकू जाणारा तो आवाज लावून म्हणाली,

"ते ओठ माझे नाहीत हं! प्राचीचे आहेत! मी उष्टं प्यायले नाहीये!"

मागच्या रांगा हसल्या, कोणीतरी "बेसो ने, बेन!" म्हणून ओरडलं. सगळं शांत होईपर्यंत पडद्यावर नायक मोटार घेऊन निघूनही गेला होता.

संयोगिता खाली बसली. जरा वेळाने माझ्या कानाशी लागली.

"ताई, माझं वाक्य आलं का हो?"

"आलं असेल. तुझ्या ओरडण्यात मला ऐकू आलं नाही."

 पलीकडून तिची सून अवंती वाकून म्हणाली, "उद्याची तिकिटं काढू ने, आई?"

"काढ," मी म्हटलं, "आणि हिच्या तोंडाला बांधायला एक रुमाल आण."