बंबाची आंघोळ

फोन आला तेव्हा मी इस्त्री करत होते.

"तुमच्याकडून गीझर बघायला माणूस आलाय ना," पलीकडच्या बाई म्हणाल्या, "तो आमच्या बाथरूममध्ये आंघोळ करतोय."

"टेस्टिंग करत असेल," मी म्हणाले. तोंडाला आलं ते बोलले.

"इतका वेळ? आणि आता दाराआडून टॉवेल मागतोय."

या बाई पियानो शिकवायच्या, आवाज अगदी मऊ. त्यांच्या जागी मी असते तर माणसाला तसंच ओलं जिन्यात उभं केलं असतं. त्यांनी टॉवेल दिला, आणि वर मला फोन करून विचारलं की हा माणूस आजारी आहे का. मी नाही म्हणाले.

तो माणूस म्हणजे माझा धाकटा दीर. त्याला सगळे बंब म्हणतात. आमचा गीझरदुरुस्तीचा धंदा, सासऱ्यांनी सुरू केलेला. आमचे हे मोठ्या इमारतींची कामं बघतात, बंब घरोघरची, आणि मी फोन घेते, म्हणजे शिव्या खाते. मी लग्न होऊन आले तेव्हा तो दहा वर्षांचा, आई नसलेला पोरगा होता. दुकानातल्या जुन्या रिकाम्या टाक्यांच्या मागे लपून बसायचा आणि टाकी ठोकून आत काय बिघडलंय ते सांगायचा. नाव तेव्हाच पडलं. त्याला मी वाढवलं असं म्हणणं जरा जास्त होईल, पण त्याच्या पहिल्या दाढीचं रक्त मी पुसलंय.

कामात बंब भारी चिकट. एका गोष्टीवर तर अडूनच बसायचा. पाणी हवं तेवढं तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट जळाला, की पुष्कळ लोक म्हणतात, तो काढा आणि वायर सरळ जोडून द्या, खर्च वाचेल. धंद्यात याला डायरेक्ट करणं म्हणतात. मग पाणी तापतच राहतं, उकळेपर्यंत. बंब हत्यारं पिशवीत भरायचा आणि म्हणायचा, "डायरेक्ट करून देणार नाही. दुसरा माणूस बघा." अशी किती गिऱ्हाइकं त्याने घालवली, आणि किती बोलणी मी खाल्ली!

आणि बंब गांजा ओढायचा. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. टाक्या खांद्यावर घेऊन जिने चढून विशीतच त्याची पाठ धरली, तेव्हा कुणीतरी दिला. मग झोप लागावी म्हणून, मग सकाळी चहाच्या आधी. गच्चीत जायचा, खोकत खाली यायचा आणि शांत असायचा. दारू पिऊन घर डोक्यावर घेणारे पुरुष मी माहेरी पाहिलेत. त्यांच्यापुढे हा देवमाणूस. माझ्या मुलीशी, म्हणजे पिल्लूशी, पत्ते खेळायचा आणि मुद्दाम हरायचा. पुढे पुढे तो मुद्दाम हरत नव्हता, कुठलं पान पडून गेलं तेच त्याच्या लक्षात राहत नव्हतं. हे मला फार उशिरा कळलं.

उलट्या सुरू झाल्या त्या सकाळच्या. आधी नुसतं मळमळायचं, मग अन्नाचा वासही नकोसा झाला. दोन-दोन दिवस पोटात पाण्याचा घोट ठरेना. असा झटका यायचा, जायचा, महिनाभर बरा असायचा, की पुन्हा. चांगला दणकट गडी, पँट दोरीने बांधायला लागला. बरेच डॉक्टर करून झाले. कुणी पित्त म्हणालं, कुणी मनाचे खेळ. एकाने घशातून नळी घालून पोट पाहिलं आणि पोट उत्तम आहे म्हणाला. दुसऱ्याला पित्ताशयाची शंका आली, तो ते काढून टाकायला निघाला होता. प्रत्येक जण विचारायचा, सिगारेट? नाही. दारू? नाही. बंब खोटं बोलत नव्हता. तिसरं कुणी विचारलंच नाही आणि आम्हाला सांगायचं सुचलं नाही, कारण आमच्या लेखी तेच एक औषध होतं. ओढलं की मळमळ जराशी बसते, असं तो म्हणायचा. मीच त्याला म्हणायचे, जा, वर जाऊन ये, म्हणजे दोन घास तरी जातील.

दुसरं औषध गरम पाणी. झटका आला की तो बाथरूममध्ये शिरायचा तो पाणी संपेपर्यंत बाहेर यायचा नाही. कढत पाणी पोटावर घेत राहायचा, पाठ लाल व्हायची. पुन्हा टाकी तापेपर्यंत दाराशी उकिडवा बसायचा. आम्ही थट्टा करायचो. आमच्या ह्यांनी घरी मोठी टाकी बसवली. कामावर असताना झटका आला, तर हा गिऱ्हाइकाचा गीझर टेस्ट करायचा. पियानोच्या बाईंनी फोन केला, इतकंच. बाकीच्यांनी काय समजून घेतलं देव जाणे.

त्याच आठवड्यात तो बाथरूममध्ये कोसळला. हातपाय आखडलेले, ओठ फुटलेले. इस्पितळात सलाइन लावलं. सारख्या उलट्यांनी अंगातलं पाणी आणि क्षार गेलेत, मूत्रपिंडावर ताण आलाय, असं सांगितलं. तिथली डॉक्टर अगदी कोवळी पोर होती, केस अर्धे सुटलेले. तिने कागदपत्रं चाळली आणि त्याला एक प्रश्न विचारला.

"गरम पाण्याने आंघोळ केली की बरं वाटतं का?"

मला हसूच फुटलं. "बरं वाटतं म्हणजे? तो तिथेच राहतो."

ती हसली नाही. "गांजा किती वर्षं ओढताय?"

बंबाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.

"बारा-तेरा," तो म्हणाला. "पण आता पोटासाठीच घेतो."

तिने खुर्ची ओढली आणि सावकाश सांगितलं. सगळ्यांना होत नाही, पण वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्यांपैकी काहींना होतं. ज्याने मळमळ थांबते त्यानेच पुढे उलट्या होऊ लागतात. नेमकं का, ते अजून पुरतं कळलेलं नाही. गरम पाण्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, म्हणून तर तिने तो प्रश्न विचारला. "आत्ताच्या उलट्या थांबवायला औषध देते, पण त्या पुन्हा येऊ नयेत याचा उपाय एकच, पूर्ण सोडणं. थोडं थोडं नाही. पुन्हा सुरू केलंत तर पुन्हा होणार, आणि मूत्रपिंडं दर वेळी ऐकून घेणार नाहीत."

रिक्षात बंब म्हणाला, "वहिनी, पाणी तापवणारी कॉइल कधी पाणी गार करेल का? काहीतरीच सांगते ती पोरगी."

मला मात्र तिचं पटलं होतं. पटलं म्हणूनच राग आला, तिचा, त्याचा आणि त्याला गच्चीत पाठवणाऱ्या माझ्या जिभेचा.

तरी भीतीने त्याने सोडलं. पहिले दिवस भयंकर गेले. झोप नाही, घामाने उशी ओली, आणि ज्याने कधी आवाज चढवला नाही तो माणूस चहाचा कप फोडून मोकळा. पण महिना-दीड महिन्यात उलट्या थांबल्या. जेवू लागला. गाल भरले, खोकला गेला, पिल्लूला पत्त्यांत हरवलं आणि तिने रडून घर डोक्यावर घेतलं. मला वाटलं, सुटलो.

त्यालाही तेच वाटलं. पोट बरं झालं, आता रविवारी एखादी ओढली तर काय बिघडतं? हे त्याने मला नंतर सांगितलं. रविवारची कधी बुधवारची झाली, त्यालाही कळलं नाही. मग मळमळ आली. आता आम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून तो घर रिकामं असताना दुपारी येऊन आंघोळ करू लागला. आणि घरच्या टाकीचं पाणी त्याला पुरेसं कढत लागेना.

त्या दुपारी मी बँकेत गेले होते. पिल्लू शाळेतून मातीने भरून आली. आठ वर्षांची पोर, हातपाय धुवायला बाथरूममध्ये गेली आणि गरम पाण्याचा नळ सोडला.

मी जिन्यात असतानाच तिची किंकाळी ऐकली. उजव्या हाताची पाठ आणि बोटं भाजली होती. तिला गार पाण्याखाली धरून मी शेजारणीला हाक मारत होते, आणि वर टाकीतून किटली उकळावी तसा आवाज येत होता.

दवाखान्यातून आलो तर बंब घरात होता. तिच्या हाताचं बँडेज त्याने पाहिलं. स्टूल घेतलं, बाथरूममध्ये गेला, टाकीचं झाकण उघडलं आणि मला हाक मारली.

"बघ."

मला धंद्यातलं इतकं कळतं. थर्मोस्टॅट नव्हता. वायर सरळ जोडलेली होती.

"मी केलं," तो म्हणाला. "तापलं की मी हाताने बटन बंद करायचो. आज ओढून आलो होतो. कामाचा फोन आला आणि निघून गेलो. बंद केलं की नाही, आठवत नाही. अजून आठवत नाही, वहिनी."

मी त्याला मारलं. बत्तीस वर्षांच्या माणसाला, ओल्या टॉवेलने, जिथे लागेल तिथे. तो स्टुलावर उभाच राहिला. मग मीच रडायला लागले.

संध्याकाळी आमचे हे फक्त एवढंच बोलले, "त्याला खोली बघायला सांग." भावाशी बोललेच नाहीत. बंबाने ते ऐकलं. तो म्हणाला, "बघतो. पण आधी त्या डॉक्टरीणबाईंकडे चल माझ्याबरोबर. एकट्याने नाही जमणार." आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्याकडे काही मागितलं.

गेलो. तिने रागावण्याऐवजी दर आठवड्याला यायला सांगितलं आणि व्यसन सोडणाऱ्यांच्या एका गटात त्याला बसवलं. परत येताना तो म्हणाला, "थर्मोस्टॅट सारखा तापत ठेवला की आतून चिकटून बसतो. मग तो वीज तोडत नाही. दिसायला मात्र चांगला दिसतो." त्याचं त्याला समजलं होतं आणि मला त्यात तोंड घालायचं नव्हतं.

खोली बघितली गेली नाही. आमचे हे पुन्हा विषय काढत नाहीत. पण घरात एक गोष्ट राहिली. पिल्लूचा हात बरा झाला, हाताच्या पाठीवर फिकट डाग उरला, आणि तिने गरम पाण्याच्या नळाला हात लावायचं बंद केलं ते केलंच. भर थंडीत गार पाण्याने आंघोळ करायची, दात वाजवत. बादली मी भरून दिली तरी नाही. नवा थर्मोस्टॅट दाखवला, समजावलं, ओरडले. काही उपयोग नाही.

मधे पियानोच्या बाईंचा फोन आला. गीझर पुन्हा बिघडला होता. "तोच माणूस पाठवा," म्हणाल्या. दुपारी परत फोन.

"तुमचा माणूस लगेच काम करून गेला," त्या म्हणाल्या. "मी टॉवेल काढून ठेवला होता. बरा आहे ना तो?"

"आज बरा आहे," मी म्हणाले. त्याहून जास्त मला खरंच माहीत नाही.

परवा सकाळी पिल्लू बाथरूममध्ये शिरली, तर बंब तिच्यामागून गेला. ती नळाकडे बघत कोपऱ्यात उभी राहिली. तो गुडघ्यावर बसला, बाही वर केली आणि आपला उघडा हात गरम पाण्याच्या नळाखाली धरला.

"आधी माझा हात," तो म्हणाला. "सोड."

ती नाही म्हणाली. तो हात तसाच धरून बसला. आत भाजी करपत होती, मी हलले नाही. ती त्याच्या हाताकडे बघत होती, खूप वेळ. मग म्हणाली, "काका, तू ओढलीयेस का?"

"नाही गं."

तिने त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं, वास घेतला. मग डाग असलेला हात पुढे केला आणि नळ सोडला.