शिंक शेखभाईंसमोरच आली पाहिजे

दिल्लीत येऊन मला बेचाळीस वर्षं झाली आणि या बेचाळीस हिवाळ्यांत मला एकदाही सर्दी झालेली नाही. कोणालाही विचारा. आमच्या हिला तेवढं विचारू नका, कारण माझे रुमाल तीच धुते.

सर्दीचे किस्से सर्दीसारखेच असतात. एकाला आला की बाकावरच्या सगळ्यांना येतात, आणि पहिला संपेपर्यंत दुसरा नाकाशी येऊन उभा. बाक मयूर विहारच्या आमच्या सोसायटीच्या बागेतला. जानेवारीत ऊन आलंच तर तिथं अकरा ते एक येतं, तेव्हा आम्ही चौघं तिथं शेंगा सोलत बसतो. एवढ्या वर्षांत सालं किती साठली ते माळी सांगेल, किस्से मी सांगतो.

चौघं कोण? पहिले लिमयेसाहेब. केंद्र सरकारात जॉइंट सेक्रेटरी होते. दुसरा मी, सदू, त्यांचा ड्रायव्हर. शिक्षण आठवी पास. नववीला मी पास झालो नाही आणि तिनंही फार आग्रह केला नाही. मुलगा नोएडात आयटीत चिकटला आणि त्यानं याच सोसायटीत फ्लॅट घेतला. साहेब चौथ्या मजल्यावर, मी सहाव्या. या विषयावर साहेब बोलत नाहीत.

तिसरे शेखभाई, मूळचे सोलापूरचे, सरकारी दवाखान्यात जन्मभर कंपाउंडर. चौथा मोहिते, साताऱ्याचा, टपाल खात्यातला. बायको जाऊन पाच वर्षं झाली, एकटा राहतो. मुलगी मंजू पुण्यात. आणि मोहित्याला खोकला. त्या खोकल्यापायी आमचा बाक तिघांचा व्हायची वेळ आली होती, ते पुढे येईलच.

* * *

पूर्वी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो, तेव्हा कोणी आजारी पडलं की माणसं घरी यायची, दोन-दोन कप चहा प्यायची, आणि आजारी माणूस बरा होईतो त्याची बायको आजारी पडायची. आता सोसायटीचा व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे. बायकांची सुटका झाली.

ग्रुपवर साहेबांचा मजकूर ठरलेला : 'आपल्या प्रकृतीत बिघाड झाल्याचे समजले. त्वरित सुधारणा व्हावी.' वाचून आजाऱ्याला वाटतं, सुधारणा झाली नाही तर मेमो येईल. मोहिते एकच गुलाब पाठवतो, खाली लिहिलेलं 'लवकर बरे व्हा'. त्याच्या फोनमध्ये दुसरं चित्रच नाही. एका बाईंच्या तेराव्याच्या निरोपाखालीही तोच गुलाब गेला होता.

तर एकदा सकाळी सात वाजता मी ग्रुपवर टाकलं, 'लिमयेसाहेबांना बरं नाही. फोन करू नका, बोलवत नाहीये.' साहेब त्या वेळी बागेत चांगले हात फिरवत चकरा मारत होते.

साडेसातला पहिला 'टेक केअर' आला. नऊपर्यंत पन्नासेक माणसांनी त्यांना आराम करायला सांगितलं. दहाला साहेब आरशात जीभ बघत होते असं वहिनी म्हणाल्या. बाराला मी बागेतून वर त्यांच्याकडे गेलो तर गळ्यात मफलर, अंगावर रजाई, आणि खरोखरच आवाज बसलेला.

मी म्हटलं, "साहेब, ती गंमत होती. मीच टाकलं होतं."

साहेब म्हणाले, "सदू, एवढ्या लोकांनी लेखी कळवल्यावर मी एकट्यानं नाही कसं म्हणू?"

* * *

आता औषध. सर्दीवर आमच्यात व्हिस्की चालते. डॉक्टर नको म्हणतात, पण डॉक्टर स्वतः शिंकत असतात, तेव्हा त्यांचं किती ऐकायचं?

अडचण बाटलीच्या जागेची. साहेबांकडे वहिनी. माझ्याकडे ही आणि शिवाय सून. मोहित्याकडे कोणीच नाही, म्हणूनच त्याच्याकडे ठेवायची नाही. शेवटी ती शेखभाईंकडे गेली. त्यांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. वाफेचं मशीन, थर्मामीटर आणि आमची बाटली, एका कपाटात, किल्ली त्यांच्या बनियनच्या खिशात.

पण कंपाउंडर तो कंपाउंडर. त्यांनी नियम केला : डोस हवा तर शिंक त्यांच्यासमोर आली पाहिजे. शिंक ऐकायची, मग कफ सिरपच्या बाटलीचं झाकण घ्यायचं, त्यावरच्या रेघेपर्यंत भरायचं, वर गरम पाणी. तक्रार केली की म्हणायचे, "लेबलवर लिहिलंय, रेघेपर्यंत."

त्यावर साहेबांनी अर्जाचा नमुना केला. नाव, मजला, लक्षणे, यापूर्वी लाभ घेतला असल्यास तपशील. मोहित्यानं एकदा 'लक्षणे' पुढे 'इच्छा' असं लिहिलं, तर साहेबांनी अर्ज परत पाठवला.

मी अर्जाच्या भानगडीत पडलो नाही. मिरपूड रुमालात बांधली, शेखभाईंच्या दारात उभा राहिलो, एकदा जोरात हुंगली आणि अशी शिंक काढली की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं.

शेखभाई चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, "सदूभाऊ, सर्दीची शिंक एवढी खुशीत येत नसते. तोंड धुवा आणि घरी जा."

* * *

औषध एक असलं तरी पद्धती चार. साहेबांची एका ब्रिगेडिअरकडून आलेली : उकळतं पाणी, मध, दोन लवंगा, आणि पिताना पाठ ताठ. मोहिते हळदीच्या दुधात घाला म्हणायचा. ते करून बघितलं तर दूध फाटलं. मोहिते म्हणाला, "पनीर समजून खातो," आणि खाल्लंन्.

माझी पद्धत गावाकडची, तळपायाला चोळायची.

साहेबांचा चेहरा पडला. "सदू, तळपायाला? बारा वर्षं जुनी आहे ती."

पण मोहित्याचा खोकला दिवाळीपासून हटेना. दिवाळीनंतर दिल्लीची हवा चावून खावी लागते हे खरं, पण तो शेंगा सोलतानाही थांबून-थांबून खोकायचा. म्हणून शेखभाईंनी खास परवानगी दिली. मी एका सकाळी मोहित्याचे पाय चोळले, वर लोकरीचे मोजे चढवले आणि त्याला उन्हात चल म्हटलं.

लिफ्टमध्ये त्याच्या शेजारच्या खन्नाबाई भेटल्या. त्यांनी नाक वर केलं आणि विचारलं, "भाईसाब, सुबह-सुबह?"

मोहिते खरं बोलणारा माणूस. म्हणाला, "जी नहीं, पी नहीं है. पैरों में लगाई है."

* * *

खन्नाबाईंकडे मंजूचा नंबर होता. दुपारी पुण्याहून फोन आला.

मंजू म्हणजे सरळ काम. बापाला म्हणाली, "बाबा, संक्रांतीला मी येतेय. तोवर खोकला गेला नसेल तर दोन तिकिटं काढून ठेवते. तुम्ही पुण्याला राहायचं. हा फ्लॅट भाड्यानं देऊ."

दुसऱ्या दिवशी मोहित्यानं बाकावर हे सांगितलं. शेंगा कोणी सोलेना. शेखभाई म्हणाले, मुलगी चुकीचं बोलत नाही. ते आम्हालाही ठाऊक होतं, म्हणूनच राग आला. मी मोहित्याला विचारलं, "तुला जायचंय का?"

तो म्हणाला, "तिथं तिच्या सोसायटीत बाग आहे. बाकपण आहे. पण त्यावर कोण बसतं ते माहीत नाही."

तीन माणसं बसली की चौथी जागा भाजीच्या पिशव्यांना जाते. आम्ही हे इतरांच्या बाकावर बघितलेलं आहे. तेव्हा ठरलं, संक्रांतीपर्यंत खोकला घालवायचा. नाही गेला तर लपवायचा.

लपवायचं काम माझ्याकडे आलं. मंजूचा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा, तेव्हा मी मोहित्याच्या शेजारी. त्याला खोकला आला की त्यानं मफलरला हात लावायचा आणि मी त्याच्या वरताण खोकायचं. चार दिवस झकास चाललं. पाचव्या दिवशी मी नातीच्या शाळेच्या कार्यक्रमाला गेलो होतो. मोहित्यानं डोकं चालवलं आणि खोकला आला की फोनचा आवाज बंद करायला लागला.

तिसऱ्यांदा तसं केल्यावर मंजू म्हणाली, "बाबा, आवाज बंद झाला तरी तुम्ही दिसता मला."

* * *

संक्रांतीच्या सकाळी मंजू आली. तिळगूळ दिला, गोड मात्र काही बोलली नाही.

आमची तयारी पक्की होती. मोहित्याला दोन झाकणं गरम पाण्यातून, जिभेखाली ज्येष्ठमध. आम्ही तिघं त्याच्या घरात सोफ्यावर ओळीनं. त्याचा हात मफलरला गेला की मी खोकायचं, मग साहेब, मग शेखभाई. साहेब सेमिनारमध्ये खोकावं तसे मूठ धरून खोकले. शेखभाईंचं अवघड झालं. त्यांना खोटं जमत नाही; आमचं आटोपल्यावर मिनिटभरानं एकदम आठवण झाल्यासारखं ते "खोक्" असं म्हणाले.

मग साहेबांनी कागद काढला. टाइप केलेला. 'विषय : श्री. मोहिते यांची प्रकृती. खोकला : निल.' खाली तिघांच्या सह्या.

मंजूनं तो पूर्ण वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे वळली. "काका, स्टेशनवरून आणणारा टॅक्सीवाला खोकत होता. गेटवरचे गार्ड खोकत होते. लिफ्टमध्ये खन्ना आंटी खोकत होत्या. तुम्ही तिघं खोकताय. अख्ख्या दिल्लीत फक्त माझे बाबाच खोकत नाहीत?"

साहेबांनी पुन्हा मूठ तोंडाशी नेली. आणि नेमका तेव्हाच मोहित्याचा धीर सुटला. ज्येष्ठमध उडून टीपॉयवर पडलं. आठवडाभर दाबून ठेवलेला खोकला होता तो, संपता संपेना.

मंजूनं त्याची पाठ चोळली, पाणी दिलं, आणि म्हणाली, "तिकिटं रविवारची आहेत. बॅग मी भरते."

साहेबांनी कागद खिशात घातला. लिफ्टमध्ये आम्ही तिघं होतो. कोणी कोणाची चेष्टा केली नाही, यावरून काय ते समजा.

* * *

पण दिल्लीच्या हवेत एक गुण आहे, ती पाहुण्यात आणि घरच्यात भेद करत नाही. शुक्रवारी सकाळी मंजूचं नाक बंद झालं. दुपारी घसा. संध्याकाळी बापाच्या मफलरमध्ये गुंडाळून रूम हीटरसमोर बसली, आणि बॅग अर्धी भरलेली तशीच राहिली.

मी तिला ताबडतोब ग्रुपवर घेतलं आणि 'मंजूला बरं नाही' असं टाकलं. तिच्या फोनवर ठणाठणा 'टेक केअर' पडायला लागले. साहेबांनी 'त्वरित सुधारणा व्हावी' लिहिलं. आणि एक गुलाब आला. मोहिते तेव्हा स्वयंपाकघरात तिच्यासाठी आलं किसत होता. मधे एक भिंत. त्यानं हात पुसले, गुलाब पाठवला आणि परत आलं किसायला लागला.

शनिवारी मंजूनं स्वतःच विचारलं, "ते तुमचं झाकणवालं औषध काय आहे?"

साहेबांनी जागच्या जागी अर्ज भरला. 'रुग्ण बाहेरगावची असल्याने नियमात बसत नाही. तथापि विशेष बाब म्हणून शिफारस.' शेखभाई किल्ली घेऊन आले, खुर्ची ओढून समोर बसले आणि थांबले. मंजूला वाटलं, ते नाडी बघणार.

"शिंक," शेखभाई म्हणाले.

सांगायची गरज नव्हती. ओळीनं सात आल्या. शेखभाईंनी डोळे मिटून सातही ऐकल्या आणि म्हणाले, "ही अस्सल आहे. घ्या." झाकण रेघेपर्यंत भरलं. मग मंजूकडे बघून रेघेच्या वर एक थेंब घातला. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो; तो थेंब मला कधी मिळालेला नाही.

आणि मोहिते? पाणी उकळव, वाफ दे, खिचडी टाक, नॅपकिन वाळत घाल. दोन दिवस त्याला खोकायला सवडच मिळाली नाही. मधूनमधून ठसका यायचा, नाही असं नाही, पण तो त्याच्याकडे लक्षच देत नव्हता. मंजू मात्र रजाईतून सगळं बघत होती. साहेब सकाळ-संध्याकाळ येत होते, शेखभाई ताप बघून वहीत लिहून ठेवत होते, आणि मी काहीच करत नव्हतो, फक्त बडबडत होतो.

रविवारी अकराला चक्क ऊन पडलं. मंजू बापाचा मफलर गुंडाळून खाली आली आणि आमच्यात येऊन बसली. पाच जणांत बाक अवघडला, पण कोणी उठलं नाही. मोहिते तिला शेंगा सोलून देत होता. बॅगेचं कोणी बोलत नव्हतं. गाडी संध्याकाळची.

शेवटी मलाच राहवलं नाही. घसा साफ करून मी म्हटलं, "मंजू, बघ, बापाला न्यायला आलीस आणि बापानंच तुला उठवून बसवलं. मग काय, तिकिटं रद्द करायला सांगू का आमच्या मुलाला?"

मंजूनं शेंगेचं साल माझ्या हातावर ठेवलं.

"रद्द कशाला, काका? दोन आहेत. एकावर मी जाते, दुसऱ्यावर तुम्ही चला. बाबांना तेवढाच आराम."