बोंडल्याने मोजलेली जांभळी

आवडाबाईच्या घरी दारू मोजायला बोंडलं वापरतात, ही गोष्ट कोपर गावात सगळ्यांना ठाऊक होती. बोंडलं म्हणजे तेच, तान्ह्या पोराला घुटी पाजायचं, पुढे चोच असलेलं. आवडाबाईचं चांदीचं होतं, माहेरून आलेलं. त्यातून आधी महिपत घुटी प्यायला, मग रतन प्यायली, आणि मग ते फडताळात डाळीच्या डब्यामागे जाऊन पडलं. ते बाहेर निघालं थेट एकोणनव्वदच्या मे महिन्यात, महिपत पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा.

महिपत बहरीनला एका हॉटेलात कामाला होता. आधी भांडी, मग टेबलं, मग बारच्या मागे उभा राहून पेले भरायचे. सुट्टीवर येताना त्याने व्हिस्कीच्या दोन बाटल्या आणल्या, आणि संध्याकाळ व्हायच्या आत त्याचा काका दामाजी चार माणसं घेऊन ओट्यावर येऊन बसला.

आवडाबाईने बाटल्यांकडे पाहिलं. बाटली उघडली की संध्याकाळ कुठे जाते, हे तिला शिकवायला नको होतं. नवरा, गोमाजी, मिठागरावरून यायचा तो गुत्त्यावरूनच. शेवटी पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि चाळिशीतच गेला. दारू म्हटली की तिला ते पिवळे डोळे आठवत.

"पोरा, उद्या दे ना त्यांना," ती चुलीपाशी कुजबुजली. "आज आलायस, आज बस की माझ्यापाशी."

"आये, काका दारात बसलाय. नाय कसं म्हनू?" महिपतने तिच्याकडे पाहिलं आणि काय समजायचं ते समजला. टिटवाळ्याकडची जनी ठाकरीण सकाळीच पानाच्या द्रोणात जांभळं देऊन गेली होती. ती रतनसाठी घेतलेली. त्याने त्यातली अर्धी पातेल्यात ओतली आणि हाताने कुस्करायला लागला. "मापाला काय बारकं हाय का गं घरात?"

आवडाबाईला आलेला राग निघायला वाट हवीच होती. तिने फडताळात हात घातला आणि बोंडलं त्याच्यापुढे आदळलं. "घे! यातनं पी! तान्हाच हायस ना अजून!"

महिपत इतका हसला की त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. आणि मग त्याने खरोखरच ते धुऊन माप म्हणून घेतलं.

जांभळाचा गर आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून पिळायचा. बिया राहतात, सालीचा रंग उतरतो. त्यात चिमूटभर मीठ, थोडी साखर, अर्ध्या लिंबाचा रस. मासळीबाजारातून आणलेल्या बर्फाच्या तुकड्यावर पातेलं ठेवून गार करायचं. मग बारक्या पेल्यात दोन बोंडली रस, एक बोंडलं व्हिस्की. घोट घोट प्यायची नाही, एका दमात घशाखाली सोडायची. नावही महिपतनेच ठेवलं, जांभळी.

दामाजीने पेला डोळ्यांसमोर धरला. "यो काय सरबत देतंस रे? बारशाला आलोय का आमी?"

"पी तर काका."

तो प्याला आणि त्याने पेला पुढे केला. महिपतने पुन्हा भरला. तिसऱ्यानंतर मात्र बाटलीला बूच लावलं. "आता पुढचा पेला आयेला इचारून."

"वयनीला कशाला मधी घालतंस!" दामाजी ओरडला, पण हसत. त्या दिवशी पाचही माणसं आपापल्या पायांनी घरी गेली. जीभ जांभळी झाल्यामुळे बायकोपुढे खोटं बोलायची मात्र कुणाचीच सोय राहिली नाही.

तेव्हापासून बाटलीची किल्ली आवडाबाईच्या हातात आली ती कायमची. महिपत परत गेला आणि जांभळी मागे राहिली. बारसं असो, साखरपुडा असो, एकवीरेहून आल्यावरचं जेवण असो, भावकीतलं कुणी ना कुणी येऊन सांगायचं, "वयनी, तुमच्या हातची करा." जांभळं नसली तर करवंदं, तीही नसली तर कोकम. ती स्वतः थेंबाला शिवत नसे. चव बघायची झाली तर रस चाखायची, व्हिस्की घालायच्या आधी. गोमाजी गेल्यावर तिने शपथ वगैरे काही घेतली नव्हती, पण हात पुढे होत नसे.

मग करायची कशाला? रतनने एकदा तसं विचारलंही होतं. "तुला वास तर सोसत नाय, मग एवढी राबतेस कशाला?" आवडाबाईने तिच्या हातात लिंबू दिलं. पण फडकं पिळताना, बोंडलं भरताना तिला वाटायचं, याच वेळी तिकडे तोही असाच उभा असेल, असाच पेला तिरका धरून. दोघं एकाच फळीवर काम करताहेत, फक्त मधे समुद्र आहे. पोराच्या जवळ जायची तेवढीच एक वाट तिला सापडली होती. तो काय जेवतो, कुठे निजतो, ताप आला तर कपाळावर कोण हात ठेवतो, यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. पेला कसा भरतो, एवढं माहीत होतं.

नव्वदच्या सालात तिकडे युद्धाची भाषा सुरू झाली, तेव्हा तिची झोप उडाली. मिठागरं केव्हाच बंद पडली होती, घराची जागाही आधीच बिल्डरला देऊन तिथे तीन मजली इमारत उभी होती. तळमजला यांचा. पहिल्या मजल्यावर शीला राहायची, बँकेत नोकरीला, मूळची सदाशिव पेठेतली. इमारतीतला एकुलता एक फोन तिच्याकडे. आवडाबाई त्या महिन्यांत शीलाच्या उंबऱ्यावर बसून असायची. आत या म्हटलं तरी यायची नाही. शीला ऑफिसातून आली की वर्तमानपत्रातली बातमी सोप्या शब्दांत सांगायची आणि वाईट असेल तेवढी गाळायची. युद्ध संपलं, महिपत धडधाकट राहिला, त्या मेमध्ये एकदा येऊनही गेला. पण उंबऱ्यावर बसता बसता दोघींची माया जडली ती जडलीच.

त्यानंतर तीन वर्षं तो आला नाही. फोन यायचा. आवडाबाई फोनवर काय बोलायची, हे शीलाला पाठ झालं होतं. "आमी बरं हाव. तू तुझं बग. इकडची काळजी करू नको." रिसीव्हर ठेवला की ती थोडा वेळ त्यावर हात ठेवून उभी राहायची, पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

चौऱ्याण्णवच्या मेमध्ये रतनचं लग्न ठरलं. महिपत येणार होता. हळदीला बहिणीला उचलून मांडवात आणायचं कबूल केलं होतं त्याने. मग आठवड्याआधी गावातला एक पोरगा बहरीनहून आला आणि महिपतने पाठवलेल्या बाटल्या देऊन गेला. आवडाबाईला पुढचं कुणी सांगायची गरज राहिली नाही. येणारा माणूस बाटल्या दुसऱ्याबरोबर कशाला पाठवेल?

दोन दिवसांनी फोन आला. सुट्टी मिळाली नव्हती. "पन आये, माझा करार जूनमध्ये संपतोय. मालक बोलतो, अजून तीन वर्सांची सही कर. काय करू? करू सही?"

आवडाबाईच्या तोंडाशी एकच शब्द आला होता. तो तिने गिळला. पोराचं तिकडे बस्तान बसलंय, इथे येऊन काय करील, उद्या म्हणेल आईने पाय ओढला. "तुना बरं वाटंल तसं कर," ती म्हणाली.

"मी हळदीच्या संध्याकाळी फोन करतो. दुसऱ्या दिवशी मालकाला सांगायचंय."

त्या फोनपासून तिला घास गोड लागेना. मांडव बांधला, वडे तळले, पाहुणे आले, तिचं लक्ष वरच्या मजल्याच्या खिडकीकडे. आपण जे बोललो तेच पुन्हा बोलणार, हेही तिला ठाऊक होतं. त्याचीच तिला भीती वाटत होती.

हळदीच्या संध्याकाळी अंगणात बेंजोवाल्यांनी सूर धरला. रतन पाटावर पिवळीधमक होऊन बसली होती, धवलारीण तिच्या कानाशी धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणत होती. मांडवाच्या कडेला टेबलावर आवडाबाईचं दुकान लागलं. पातेलं, फडकं, बर्फ, बोंडलं, आणि ओळीत मांडलेले बारके पेले. शीला पदर खोचून मदतीला उभी राहिली.

पहिला पेला दामाजीने नेला. मेढीपाशी, म्हणजे मांडवाच्या मुख्य खांबाशी, केळीच्या पानाचा तुकडा होता. त्यावर त्याने तो ठेवला, बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडले आणि काहीतरी पुटपुटला.

"हा कुणासाठी हो?" शीलाने विचारलं.

दामाजीच्या तोंडात वडा होता. "गोमाभाऊचा. आज तो नाय ना मांडवात, म्हनून."

शीलाला ते फार आवडलं. जे येऊ शकत नाहीत त्यांना विसरायचं नाही, किती चांगली रीत! तिने आवडाबाईकडे बघितलं. सकाळपासून ही बाई हसली नव्हती. तिने एक पेला घेतला, आवडाबाईने दाखवलेल्या मापाने नीट भरला, मेढीपाशी जाऊन गोमाजीच्या पेल्याशेजारी ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आणि हा आपल्या महिपतचा!"

धवलारीण मधेच थांबली. दामाजीची बायको तुळसा हिने तोंडावर हात ठेवला. बेंजोवाल्याला काय झालं ते कळलं नाही, पण बायका गप्प झालेल्या पाहून त्याचाही हात थबकला.

मेढीपाशी ठेवतात तो पेला गेलेल्या माणसाचा. पितर येऊन पितो, सकाळी तो झाडाच्या मुळाशी ओततात. जित्या माणसाने त्याला हात लावायचा नसतो, आणि जित्या माणसाच्या नावाने तर तो कधी ठेवायचाच नसतो.

आवडाबाई कशी उठली, हे तिला नंतरही सांगता आलं नसतं. जांभळाने माखलेल्या हातांनीच ती मेढीपाशी गेली, तो दुसरा पेला उचलला, आणि कुणी काही बोलायच्या आत एका दमात घशाखाली सोडला.

"आवो वयनी!" दामाजी पुढे झाला.

"मागं हो." तिने रिकामा पेला पदरात धरला. "माझ्या पोराचा पेला हाय. त्याची आय पिली. झालं!"

शीलाचा चेहरा पांढरा पडला होता. "मावशी, काय चुकलं माझं?"

तुळसाने तिच्या कानात सांगितलं, तशी ती मटकन खुर्चीत बसली. "अगं आई गं... मला खरंच माहीत नव्हतं हो. ते म्हणाले, मांडवात नाही म्हणून..."

"तुना कसं ठाव असंल, बाय?" आवडाबाई म्हणाली. "मायेनं ठेवलास तू. यो दामाजी वडा गिळून बोलला असता, त झालं असतं."

कुणीतरी हसलं, आणि बेंजो पुन्हा सुरू झाला.

आवडाबाई मात्र तिथेच उभी राहिली. घशातून ऊब उतरत होती. आधी गोड, मग मीठ, मग जांभळाचा तो जीभ ओढणारा तुरटपणा, आणि सगळ्यांच्या खालून चटका. अस्सं लागतं होय हे! पाच वर्षं तिने गावाला पाजलं, आणि पोराच्या हातची चव तिला आज कळली. चांगली होती. त्याने इतकी चांगली गोष्ट केली होती आणि ती त्याला कधी म्हणालीच नव्हती, पोरा, बरं केलंस. आणखी किती गोष्टी म्हणाली नव्हती! तो मेढीपाशी नव्हता. जिवंत होता, तिकडे फोन हातात घेऊन उभा असणार होता, आणि ती त्याला पुन्हा सांगणार होती, इकडची काळजी करू नको.

"मावशी, फोन!" शीलाच्या नवऱ्याने खिडकीतून हाक मारली. "महिपतचा!"

जिना चढताना शीलाने तिचा दंड धरला होता. उंबऱ्यावर ती या वेळी थांबली नाही. सरळ आत गेली.

"आये! बेंजो ऐकू येतंय गं!" महिपतचा आवाज लांबून, खरखरत आला. "रतन कशी दिसते? समदं बरं हाय ना?"

"नाय," आवडाबाई म्हणाली.

"काय झालं?"

"काय झालं नाय. पन बरं नाय. तू नाय त बरं कसं असंल? सही करू नको. ये तू."

 पलीकडे तो जपून हसला. "आये... पिलीस काय गं तू?"

"पिली."

"तू? आन् कवरी?"

"एक. तुझी." ती थांबली. "मेढीपाशी ठेवली होती कुनी, तुझ्या नावानं. चुकून. मी उचलली."

महिपत त्याच घरातला होता. त्याला आणखी सांगावं लागलं नाही. त्याने एक खोल श्वास घेतलेला तिला इतक्या लांबून ऐकू आला.

"नाय करत सही," तो म्हणाला. "जून लागला की येतो, आये."

एरवी ती बरं म्हणाली असती आणि रिसीव्हर खाली ठेवला असता. शीलाचा नवरा दारात रतनला घेऊन उभा होता, तिलाही भावाशी बोलायचं होतं. आवडाबाईने जांभळा हात वर करून तिला थांबवलं आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.

"परत बोल," ती म्हणाली.

त्याने परत सांगितलं.